खाली म्हणजे कुठे?

कोकणातल्या मुलाला 'वर' आणि 'खाली' हे शब्द शाळेत शिकवावे लागत नाहीत. गावच उतारावर वसलेलं असतं. सड्याच्या अंगाला वरचीवाडी, पाण्याच्या अंगाला खालचीवाडी. वर गेलं की कातळ, खाली आलं की माड, मळे आणि शेवटी दर्या. घाट चढून गेलेला माणूस 'घाटावर' गेला, उतरून आलेला 'खाली कोकणात' आला. मग वर्गातल्या भिंतीवर नकाशा लागतो. त्यात मालवण रत्नागिरीच्या खाली दिसतं, आणि त्या भागाला मोठी माणसंही तळकोकण म्हणतात. रेल्वेवाल्यांच्या लेखी मुंबईकडे निघालेली गाडी 'अप'. चौथीत येईपर्यंत मुलाच्या डोक्यात तीन निरनिराळे 'खाली' जमा झालेले असतात: उताराचा, नकाशाचा आणि हातातून निसटलेल्या पेल्याचा.

गुरुत्वाकर्षण शिकवायला निघालेला मोठा माणूस फक्त तिसरा 'खाली' धरून चालतो. पेला का पडला, तर पृथ्वीने ओढला म्हणून. मुलं माना डोलावतात. पेला पडणारच होता. त्यात त्यांना कोडं नव्हतंच. कोडं पडतं ते पृथ्वी गोल आहे म्हटल्यावर. मग पलीकडच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत? हा प्रश्न आला की ओळखावं, मूल बरोबर जागी पोचलं आहे. न आल्यास मुद्दाम काढावा. प्राथमिक शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवणं म्हणजे नव्वद टक्के 'खाली' या शब्दाचा अर्थ नव्याने लावणं. सूत्र पुढे आहेच. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिला धडा तोच आहे.

सुरुवात एका चित्राने करावी. वहीच्या पानावर तळहाताएवढं वर्तुळ काढायला सांगायचं, ही पृथ्वी. तिच्यावर चार माणसं: एक माथ्यावर, एक बुडाशी, दोन बाजूंना. पाय वर्तुळाला टेकलेले, डोकं बाहेर. प्रत्येकाच्या हातात एक दगड. आता चौघांनी दगड सोडले, तर ते कुठे जातील ते बाणाने दाखवा. पाच मिनिटं द्यायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बरीच मुलं चारही बाण पानाच्या तळाकडे काढतात. बुडाशी उभ्या असलेल्याचा दगड सरळ पृथ्वी सोडून वहीच्या खालच्या कडेकडे निघतो. काही मुलं बुडाशी माणूस काढायलाच तयार होत नाहीत. काही जण वर्तुळाच्या पोटात सपाट जमीन काढून त्यावर चौघांना उभं करतात, कारण पृथ्वी गोल आहे हे त्यांनी ऐकलेलं असतं आणि जमीन सपाट आहे हे पाहिलेलं असतं. दोन्हींचा मान राखायचा तर दुसरा मार्ग नाही.

हे कागद खोडायला लावू नयेत. तारीख घालून ठेवावेत आणि आठ-दहा दिवसांनी तेच चित्र पुन्हा काढून घ्यावं. मधल्या काळात एक युक्ती करता येते: पान फिरवून ज्याचा त्याचा माणूस सरळ उभा दिसेल असं धरायचं आणि मग बाण काढायचा. बहुतेक बाण लगेच सुधारतात. पण यात फसगत आहे. मूल पान फिरवण्याचा नियम पाठ करतं, अर्थ तिथेच राहतो. म्हणून दुसऱ्या फेरीत दगडाऐवजी प्रत्येकाच्या हातात अर्धी भरलेली, बूच लावलेली पाण्याची बाटली द्यावी आणि पाण्याची रेघ काढायला सांगावं. ज्याला समजलंय तो ती रेघ त्या माणसाच्या पायाखालच्या जमिनीशी समांतर काढतो. ज्याने पाठ केलंय त्याची रेघ पुन्हा पानाच्या कडेला समांतर जाते.

चित्रानंतर हातात धरता येईल अशी पृथ्वी हवी. फणसाच्या दिवसांत याहून चांगलं साधन नाही. गोलसर कुयरी, म्हणजे कोवळा फणस, घ्यावी, हाताला खोबरेल लावून, नाहीतर चीक दोन दिवस जात नाही. तिचा प्रत्येक काटा बाहेर रोखलेला असतो. प्रत्येक काटा म्हणजे उभा माणूस. त्याचं डोकं टोकाला, पाय सालीवर. बोटाने कुठलाही काटा दाखवून विचारायचं, याचं खाली कुठे? उत्तर दरवेळी फणसाच्या आत जातं. दहा काटे दाखवा, दहाही बाण आतल्या एकाच जागेकडे. 'खाली' ही बाजू नसून जागा आहे, आणि ती आपल्या सगळ्यांची मिळून एकच आहे, हे इथे पहिल्यांदा मुलांच्या बोटांना कळतं.

फणसाचा हंगाम नसेल तर मातीचा गोळा. यात थोडं माप पाळलं तर पुढे पुष्कळ उपयोग होतो. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. गोळ्याचा व्यास पावणेतेरा सेंटिमीटर ठेवला की एक सेंटिमीटर म्हणजे हजार किलोमीटर. सगळा गोळा मातीचा करायचा तर दोन किलोच्या आसपास माती लागते आणि सुकताना तडकते. त्यापेक्षा आत सोललेला नारळ घालावा आणि वरून बोटाच्या पेराहून कमी जाडीचा थर द्यावा. माप तपासायला दोरी गुंडाळावी: घेर बरोबर ४० सेंटिमीटर भरला पाहिजे, म्हणजे ४० हजार किलोमीटर. माती ओली असतानाच खराट्याच्या हिराचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे खोचायचे, सरळ आत, मधल्या बिंदूकडे रोखून. मुलं हमखास ते तिरपे खोचतात. तिरपा हीर म्हणजे कलंडलेला माणूस, एवढं सांगितलं की पुरतं. याच मापाने चंद्र साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे एक लहानसं लिंबू, आणि त्याची जागा गोळ्यापासून ३ मीटर ८४ सेंटिमीटर दूर. पडवीच्या एका टोकाला पृथ्वी, दुसऱ्या टोकाला लिंबू. पुस्तकातल्या चित्रात दोघं शेजारी-शेजारी छापलेले असतात, ते जागेअभावी.

इथे एक मूल म्हणणारच, 'पण या गोळ्याच्या खालच्या बाजूला मुंगळा ठेवला तर तो पडेल की!' पडेल. गोळ्याची स्वतःची ओढ इतकी क्षुल्लक आहे की तिथे खऱ्या पृथ्वीचंच चालतं. हे न लपवता सांगावं, कारण सगळ्या प्रतिकृतींचा हाच दोष आहे. त्यावर तोडगा म्हणून काही जण गोळ्यात लोहचुंबक घालून टाचण्या चिकटवून दाखवतात. दिसायला ते छान दिसतं, पण मूल घरी जाताना 'पृथ्वी लोहचुंबक आहे म्हणून आपण चिकटलोय' असं घेऊन जातं, आणि ही समजूत काढायला पुढे वर्षं जातात. चुंबक वापरलाच तर त्याच तासाला तो नारळाला, सुक्या बांगड्याला, पाण्याच्या तांब्यालाही लावून दाखवावा. चुंबक निवडून ओढतो. पृथ्वी पंक्तिभेद करत नाही. चुंबक उलट धरला तर दुसऱ्याला दूरही ढकलतो. पृथ्वी कशालाच दूर ढकलत नाही.

पलीकडच्या माणसांचं कोडं जुनं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं त्यांनीच नोंदवलंय. त्यातल्या गोलाध्यायात ते म्हणतात की जो जिथे उभा असतो त्याला पृथ्वी आपल्या पायाखाली आणि आपण तिच्या वर असंच वाटतं. पाव पृथ्वी अंतरावर असलेले दोघे एकमेकांना आडवे समजतात. आणि अगदी पलीकडचे लोक पाण्याच्या काठी उभ्या माणसाच्या प्रतिबिंबासारखे, डोकं खाली केलेले वाटतात. तरी ते तिथे तितकेच निवांत असतात, जितके आपण इथे. भरतीचं पाणी शांत भरलेल्या खाडीच्या काठावर मुलांना उभं करून हे सांगता येतं. प्रतिबिंबाचे पाय आपल्या पायांना जुळलेले, डोकं तिकडे. सगळी बेरीज एका नजरेत.

त्याच ठिकाणी ते आणखी एक गोष्ट सांगतात: पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, तिने ती आकाशातल्या जड वस्तू स्वतःकडे ओढते, आणि आपल्याला ते पडल्यासारखं दिसतं, सगळीकडे सारखंच आकाश असताना पृथ्वी स्वतः कुठे पडणार? चौथीतलं मूल हाच प्रश्न याच क्रमाने विचारतं. एवढ्यावरून न्यूटनचा नियम आपल्याकडे आधीच होता असं मात्र मुलांना सांगू नये. ओढ किती, अंतर वाढलं की ती कशी घटते, चंद्रालाही तीच कशी लागू, हे माप न्यूटनने १६८७ साली मांडलं. दोघांचं श्रेय आपापल्या जागी पुरेसं मोठं आहे.

रत्नागिरीच्या बरोबर पलीकडे कोण उभं आहे, हेही मुलं विचारतात. कोणी नाही. रत्नागिरी १७ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्वेच्या आसपास. तिच्या नेमका विरुद्ध बिंदू १७ अंश दक्षिण, १०७ अंश पश्चिमेला पडतो, प्रशांत महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला. तिथे पाणीच पाणी. उलट्या बाजूला माणसाचं राहू द्या, अख्खा समुद्र आहे आणि त्यातला एक थेंब सांडत नाही. दर्याकाठच्या मुलाला हे माणसाच्या उदाहरणापेक्षा जास्त पटतं.

आता ओळंबा. गवंड्याच्या पिशवीतला हा ठोकळा म्हणजे प्राथमिक शाळेला परवडणारं सगळ्यात अचूक विज्ञानाचं उपकरण. तो मिळाला नाही तर दीड मीटर सुतळीला मुठीएवढा दगड बांधावा. गाठ दगडाच्या मधोमध यावी, नाहीतर दगड गरगरत राहतो. किनाऱ्यावर वारा कधी थांबत नाही, त्यामुळे उघड्यावर ओळंबा स्थिरावत नाही. दगड पाण्याने भरलेल्या बादलीत बुडता टांगला की दहा-बारा सेकंदांत शांत होतो. मग हा ओळंबा घेऊन मुलांना शाळेमागच्या उतारावर न्यायचं. उतारावरच्या पोफळीशेजारी धरायचा: खोड दोरीला समांतर, जमीन मात्र तिरकी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्याशेजारी धरायचा, शाळेच्या पायरीवर धरायचा. पाणी उताराने जातं, पण दोरी उताराने जात नाही. उताराचा 'खाली' आणि ओळंब्याचा 'खाली' इथे वेगळे होतात. सड्यावरून निघालेला वहाळ ओळंब्याच्याच दिशेने जायला बघतो. जमीन आडवी येते म्हणून त्याला वळसा घेत दर्या गाठावा लागतो.

ओळंब्याची खरी गंमत नकाशा समोर ठेवल्यावर कळते. रत्नागिरीतला ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेला, मालवणातलाही मध्याकडेच. दोन्ही दोऱ्या आपापल्या गावी नाकासमोर सरळ, पण एकमेकींशी समांतर नाहीत. दोन गावांमध्ये उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर अंतर आहे, आणि पृथ्वीच्या पाठीवर १११ किलोमीटर चाललं की 'खाली' एका अंशाने वळतो. म्हणजे मालवणातला गवंडी रत्नागिरीतल्या गवंड्याच्या हिशेबाने जवळजवळ एक अंश तिरपी भिंत बांधतो, आणि दोघांच्याही भिंती बिनचूक असतात. मातीच्या गोळ्यावर ही दोन गावं एक मिलिमीटर अंतरावर येतात. दोन हीर इतके जवळ खोचता येत नाहीत, पण लांबचे दोन हीर कसे फाकलेत ते दिसतं, आणि बाकीचं मूल स्वतः करतं.

शब्दांबद्दल थोडं. 'गुरुत्वाकर्षणामुळे पडतं' हे नुसतं नाव सांगणं झालं. त्यातला गुरू म्हणजे जड, लघु-गुरूतला. तो अर्थ न सांगितल्यास गुरुजींचा आणि पडण्याचा काय संबंध, हा प्रश्न मुलाच्या मनात राहतो, तोंडावर येत नाही. सुरुवातीला 'ओढ' हाच शब्द बरा. लाट परत जाताना पोटरीला जी ओढ लागते ती इथल्या प्रत्येक मुलाने अनुभवलेली असते. 'पाण्याला ओढ आहे, आत जाऊ नको' हे रोजचं वाक्य. फरक एवढाच सांगायचा की लाटेची ओढ येते आणि जाते, पृथ्वीची ओढ सुट्टी घेत नाही. बाकावर बसलेल्यालाही ती लागू आहे. खाली पडून स्थिर झालेल्या नारळावरची ओढ संपली, असं पुष्कळ मुलांना वाटतं. त्यांना तो नारळ उचलायला सांगावा. संपली असती तर हाताला भार कशाचा लागला?

यानंतर जड-हलक्याचा वाद येतो, आणि तो सांगून मिटत नाही, करूनच बघावा लागतो. सोललेला नारळ आणि सुपारी एकदम सोडली तर आधी कोण पोचेल? वर्गात हात वर करायला लावा; नारळाच्या बाजूने जवळपास सगळे. प्रयोग सोपा दिसतो, पण तो फसतो तिथे तो तीन कारणांनी फसतो. पहिलं, नारळ मोठा आणि सुपारी लहान, त्यामुळे दोन्ही हात सारख्या उंचीवर धरले तरी नारळाचं बूड आधीच चार-पाच सेंटिमीटर खाली असतं. हात न बघता बुडं एका पातळीत आणावीत. दुसरं, जड वस्तू हात घट्ट धरतो आणि सोडताना बोटं उशिरा सुटतात, किंवा हात नकळत तिला खाली ढकलतो. म्हणून हाताने सोडूच नये. फूटभर फळीवर दोन चुंबळी ठेवायच्या, त्यांत नारळ आणि सुपारी, म्हणजे घरंगळत नाहीत. सुपारीची चुंबळ उंच करून बुडं जुळवायची. मग फळी झटक्यात सरळ खाली ओढून काढायची. चार-पाच वेळा सराव लागतो. तिसरं, डोळ्यांवर विसंबणं. दीड मीटरवरून पडायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो; तेवढ्यात डोळा जे ठरवून आलेला असतो तेच बघतो. खाली जुना पत्रा टाकावा आणि मुलांना पाठ करून उभं करावं. आवाज एक आला की दोन, एवढंच सांगायचं. कान या कामात डोळ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

आवाज एकच येतो. मग लगेच हुशार मूल कागद सोडून दाखवतं: हा बघा, हलका म्हणून हळू. त्याला शाबासकी द्यावी आणि तोच कागद चुरगळून गोळा करायला सांगावं. वजन तेच, पण आता खडूच्या बरोबरीने पडतो. हळू पडण्याचं कारण वजनात नव्हतं, हवेच्या अडथळ्यात होतं. दुसरी पायरी: वहीपेक्षा चारी बाजूंनी बोटभर लहान कागद वहीवर ठेवून वही आडवी सोडायची. कागद वहीला चिकटल्यासारखा सोबत जातो. कड जरा बाहेर राहिली तर हवा तिथून आत शिरते, कागद उडतो आणि सगळा परिणाम जातो. हवाच नसेल तर काय होतं ते १९७१ साली अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर दाखवलं: एका हातात हातोडी, दुसऱ्यात ससाण्याचं पीस, दोन्ही एकदम सोडली, दोन्ही एकदम टेकली. त्याचं चित्रण मोबाइलवर दाखवता येतं. पण ते शेवटी दाखवावं. आधी दाखवलं तर 'चंद्रावर तसं असतं' एवढंच मुलं घेतात.

हवेचे उपकार समजायला आपला पाऊस आहे. एक किलोमीटर उंचीवरच्या ढगातून सुटलेला थेंब, वाटेत हवा नसती तर, ताशी ५०० किलोमीटर वेगाने डोक्यावर आला असता. मोठ्यातला मोठा थेंब प्रत्यक्षात ताशी तीसेक किलोमीटरने येतो, कारण थोडं अंतर पडल्यावर हवेचा अडथळा ओढीइतका होतो आणि वेग वाढणं थांबतं. आषाढातला मारा सोसवतो तो त्यामुळे. नारळाच्या बाबतीत हवा फारशी मदतीला येत नाही. १५ मीटर उंच माडावरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी साठाच्या घरात असतो. नारळाला डोळे असतात, तो कोणाच्या डोक्यात पडत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणोत. नारळ उतरवणारा पाडेली माडावर असताना वर्ग माडाखाली नेऊ नये.

पडताना वेग वाढत जातो, हे ऐकवण्याची एक सुंदर रीत आहे. साडेतीन मीटर सुतळी घ्यावी आणि तिला पाच लोखंडी नट बांधावेत. पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, कडेच्या शिशाच्या गोळ्या सहज मिळतात म्हणून लोक त्या वापरतात, पण शिसं मुलांच्या हातात देऊ नये. पहिला नट अगदी टोकाला, तिथून पुढचे २०, ८०, १८० आणि ३२० सेंटिमीटरवर. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून मोठ्या माणसाने सुतळी सोडायची, खाली परात पालथी घालून ठेवायची, आणि पहिला नट परातीला जेमतेम टेकलेला असताना वरचं टोक सोडून द्यायचं. उरलेले चार नट एकाच ठेक्यात वाजतात: टण, टण, टण, टण, दर ठोक्याला सेकंदाचा पाचवा भाग. मग दुसरी सुतळी, सारख्या अंतरावर बांधलेली: ८०, १६०, २४०, ३२०. ही सोडली की पहिला ठोका उशिरा येतो आणि पुढचे एकमेकांवर चढतात, भजनाची लय शेवटी चढते तसे. अंतरं सारखी तर ठेका बिघडतो, ठेका सारखा हवा तर अंतरं वाढवावी लागतात. पहिल्या सुतळीतली अंतरं वजा करून बघितली तर २०, ६०, १००, १४० येतात, म्हणजे एक, तीन, पाच, सात वाटे. विषम संख्यांची ओळख झालेल्या वर्गात हे फळ्यावर मांडून गप्प बसावं. सुतळी सोडताना झटका देणं आणि लोंबत्या सुतळीला झोका असणं, या दोन चुका ठेका घालवतात. नट आधीच्या नटावर पडला तर आवाज बसका येतो, म्हणून परात मोठी हवी.

धूर वर का जातो, फुगा वर का जातो, हा फाटा फुटणारच. धुरावरची ओढ सुटलेली नसते. बादलीत नारळ दाबून सोडला की पाणी खाली घुसून त्याला वर काढतं, तसं थंड, जड हवा खाली बसते आणि गरम धुराला वर ढकलते. एवढं पुरे, प्राथमिक वर्गात यापेक्षा खोल गेलं की मूळ धागा हातचा जातो.

चंद्र का पडत नाही? तो पडतोच आहे, हे उत्तर प्रत्येक वर्गात खळबळ उडवतं. इथला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून आपल्यापेक्षा साठपट लांब, म्हणून तिथली ओढ साठ गुणिले साठ, ३६०० पटींनी कमी; तो एका सेकंदात १.३६ मिलिमीटर पडतो. पण त्याच सेकंदात तो किलोमीटरभर पुढेही सरकलेला असतो, आणि तेवढ्या पुढे पृथ्वीभोवतीच्या त्याच्या वाटेची गोलाईही तेवढीच वळलेली असते. न्यूटनच्या सफरचंदाच्या गोष्टीत खरा मुद्दा हाच आहे. फळ पडलं हे तर त्याच्या आधीही प्रत्येक बागायतदाराला माहीत होतं.

अवकाशस्थानकातल्या तरंगत्या माणसांचंही तसंच. तिथे ओढ नसते, हा मोठ्यांचाही गैरसमज आहे. स्थानक साधारण ४०० किलोमीटर वर आहे, रत्नागिरी ते मुंबई रस्त्याच्या अंतराहून थोडंच जास्त. मातीच्या गोळ्यावर अवघं चार मिलिमीटर. तिथली ओढ इथल्या जवळजवळ नव्वद टक्के असते. माणसं आणि स्थानक दोन्ही एकत्र पडत असतात, म्हणून कोणाचा भार कोणावर पडत नाही. हे दाखवायला एक लिटरची प्लास्टिकची बाटली पुरते. बुडापासून दोन सेंटिमीटर वर तापवलेल्या खिळ्याने चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडायचं, बोट धरून पाणी भरायचं, बोट काढायचं: धार लागते. आता बाटली दोन मीटरवरून सोडायची. पडत असताना धार थांबते. पाणी आणि बाटली बरोबरीने पडताहेत. पाण्याचा बुडावर भार नाही, मग ते बाहेर येणार कशाच्या जोरावर? बूच काढलेलंच हवं. बूच लावलं तर हवेच्या दाबाने धार आधीच थांबते आणि मुलं भलतंच कारण पकडतात. भोक बारीक झालं तर नुसते थेंब येतात, मोठं झालं तर पाणी संपतं. दोन मीटर पडायला सेकंदाच्या दोन तृतीयांशाहून कमी वेळ मिळतो, म्हणून मोबाइलवर संथ चित्रण करून मग बघावं. बाटली न फिरवता वर उडवली तर वर जातानाही धार बंद असते. हे बऱ्याच शिक्षकांनाही अनपेक्षित असतं.

वजनाची गोष्ट मासळी बाजारातल्या भाषेत सांगावी. सहा किलोची सुरमई चंद्रावर नेली आणि स्प्रिंगच्या काट्याला अडकवली, तर काटा एक किलो दाखवेल, कारण चंद्राची ओढ आपल्या एक षष्ठांश आहे. तीच सुरमई तराजूत घातली तर समोर सहा किलोचीच वजनं लागतील; वजनंही तितकीच हलकी झालेली असतात. मासा मुळात कमी झालेला नाही, माणसं जेवतील तितकीच. 'मग तिथे माशाचा भाव कशावर लावायचा?' हा प्रश्न वर्गातून येतो, आणि तो वस्तुमान आणि वजन यांतल्या फरकाच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा चांगला आहे.

भरती-ओहोटीचं कारण मात्र प्राथमिक वर्गात उलगडायला जाऊ नये. चंद्र समोरच्या पाण्याला ओढतो हे पटतं, पण पलीकडच्या बाजूलाही भरती का, तिथे भले भले अडखळतात. नोंद ठेवणं मात्र जमतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब घरात कोणाला तरी येत असतो: पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, अष्टमीला सहा. किनाऱ्याप्रमाणे थोडं पुढेमागे. पंधरा दिवस मोठ्या माणसाबरोबर जाऊन जेटीच्या खांबावर पाणी कुठवर आलं आणि किती वाजता, एवढं लिहायचं. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते आणि चंद्रही रोज सरासरी तेवढाच उशिरा उगवतो. वहीत हे दोन रकाने शेजारी ठेवायचे, बस्स.

आणि शेवटी भोक. पृथ्वीला आरपार भोक पाडून दगड टाकला तर? हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच, बहुतेक घरी विहीर खणलेली असते तो. दगड मध्याकडे पडत जाईल, वेग वाढत वाढत. मध्य गाठला की त्याच्या पुढे 'खाली' उरलेलाच नाही. तिथून कुठेही गेलं तरी वरच. वेगाच्या भरात तो पुढे, म्हणजे वर, चढत जाईल, मंदावत मंदावत पलीकडच्या तोंडाशी क्षणभर थांबेल आणि परत फिरेल. हवा नाही असं धरलं तर एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचायला चाळीसेक मिनिटं, आणि मग हे असंच चालू. हवा असेल तर येरझारा लहान होत शेवटी तो मधोमध लोंबकळत राहील. हे सगळं फळ्यावर काढून झालं की मागच्या बाकावरून आवाज येतो, 'पण आपल्या भोकाच्या पलीकडे तर दर्या आहे ना? मग पाणी नाय शिरणार आत?'